पुस्तकातलं मूल कुणाचं?



मुलांच्या पुस्तकांना पुरस्कार देणारा परीक्षक नेमकं काय करतो, यावर आज बोलायचं आहे. मी मुलांसाठी लिहिते आणि अशा एका पुरस्काराच्या निवड समितीवर काम केलं आहे. पुरस्कार कोणता, वर्ष कोणतं, पुस्तकं कोणती, हे मात्र सांगणार नाही. समितीतलं बोलणं समितीतच राहावं असा संकेत आहे आणि तो योग्यच आहे. शिवाय काही पुस्तकांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, आणि त्यांच्या लेखकांना इथे उत्तर देता येणार नाही.

मी बोलते आहे सरगूरहून. म्हैसूर जिल्ह्यातलं, कबिनी नदीच्या काठचं हे तालुक्याचं गाव. एका अंगाला बंडीपूरचं जंगल, दुसऱ्या अंगाला नागरहोळेचं. नवऱ्याच्या कामामुळे आम्ही इथे आलो आणि इथलेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. तुम्हा ऐकणाऱ्यांतही बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर इथले पुष्कळ जण आहात, म्हणून मुद्दाम सांगितलं. मी जे सांगणार आहे ते पुण्यात बसून मला इतक्या लवकर दिसलं असतं असं वाटत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मराठीत मुलांसाठी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. विनायक कोंडदेव ओकांनी 'बालबोध' मासिक काढलं 1881 साली, वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' सुरू झालं 1906 साली. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे वेगळे विभाग आहेत आणि त्यांना बालकवी, साने गुरुजी, राजा मंगळवेढेकर, भा. रा. भागवत, यदुनाथ थत्ते अशी नावं दिलेली आहेत. साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार सुरू केला 2010 साली. चोवीस भाषांतल्या लेखकांना तो मिळतो, पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट. मराठीतला पहिला अनिल अवचटांना मिळाला, पुढच्या वर्षी 'बोक्या सातबंडे'साठी दिलीप प्रभावळकरांना. नंतर अनंत भावे, माधुरी पुरंदरे, राजीव तांबे, रत्नाकर मतकरी अशी माणसं आली. त्याच 2010 साली कन्नडचा पुरस्कार बोळुवार महमद कुंञी यांना मिळाला, गांधीजींच्या चरित्रासाठी. नुसती ही नावं पाहिली तरी कळतं की या कामाला आता वजन आलं आहे.

वजन आलं म्हणजे परिणामही आला. पुरस्कार मिळालेलं पुस्तक शाळा विकत घेतात, ग्रंथालयं मागवतात, प्रकाशक दुसरी आवृत्ती काढतो. मोठ्यांच्या पुस्तकाला बक्षीस मिळालं आणि ते आवडलं नाही, तर मोठा माणूस दुसरं घेतो. मुलाचं तसं नाही. कितीतरी शाळांत वर्षाकाठी दहा-वीस नवी पुस्तकं येतात. त्यातलं एक कंटाळवाणं निघालं, तर मूल असं म्हणत नाही की हे पुस्तक वाईट आहे. ते म्हणतं, वाचन वाईट आहे. परीक्षकाच्या सहीमागे एवढी जोखीम असते.

आता कामाची पद्धत. संस्था पुस्तकं मागवते, प्राथमिक छाननी होते आणि उरलेली पुस्तकं परीक्षकांच्या घरी येतात. माझ्याकडे दोन खोकी आली. सोबत गुणांचा तक्ता होता. आशय, भाषा, मूल्यसंस्कार, निर्मिती, प्रत्येकी इतके गुण. आम्ही तिघं परीक्षक तीन गावांत. आपापलं वाचायचं, गुण भरायचे आणि मग एकदा बसून निर्णय घ्यायचा.

पहिल्या आठवड्यातच पुस्तकांचे गट पडले. थोरांची चरित्रं भरपूर. मोबाइलमध्ये डोकं घातलेला मुलगा सुट्टीत आजोबांच्या गावी जातो आणि मैदानावर खेळायला लागतो, ही गोष्ट वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भेटली. बोलणारं झाड भेटलं. ते नेहमी तक्रारच करतं, एखादा विनोद कधी करत नाही. यमकासाठी ओढून आणलेले ससे भेटले. आणि चित्रकाराचं नाव? काही पुस्तकांत ते शोधायला भिंग घ्यावं लागलं, काहींत नव्हतंच. मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत ज्याची चित्रं, त्याचा पत्ताच नाही.

पण खोक्यांत उत्तम पुस्तकंही होती. खरं सांगायचं तर अपेक्षेपेक्षा जास्त. मराठीत मुलांसाठी चांगलं लिहिलंच जात नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा असं खोकं उघडून बघावं.

अडचण होती ती तक्त्याची. 'मूल्यसंस्कार' या रकान्यात चरित्राला आपोआप आठ-नऊ गुण पडतात. मांजर स्वयंपाकघरात शिरतं आणि गोंधळ घालतं, एवढीच ज्या पुस्तकाची गोष्ट आहे, त्याला काय द्यायचे? शून्य? आणि पाच वर्षांच्या मुलाला ते मांजराचं पुस्तक रोज रात्री हवं असेल तर?

म्हणून मी तक्ता बाजूला ठेवला आणि मोठ्याने वाचायला लागले. शनिवारी दुपारी आमच्या ओसरीवर आसपासची सात-आठ मुलं जमतात. त्यांना मराठी येत नाही. मी मराठी पुस्तक समोर धरायची, चित्रं दाखवायची आणि गोष्ट कन्नडमधून सांगायची.

ही चाचणी पूर्ण न्याय्य नाही, हे मला ठाऊक होतं. ज्या पुस्तकाचा जीव मराठीच्या शब्दखेळात आहे, ते कन्नडमधून सांगितलं की निम्मं मरतं. कवितांचं तर विचारूच नका. म्हणून ती पुस्तकं मी फोनवरून बेळगावच्या भाच्याला आणि इंदूरच्या एका मैत्रिणीच्या मुलींना वाचून दाखवली. या मुलींची शाळा हिंदी, घर मराठी. पण गोष्ट म्हणून जे उभं असेल ते भाषा बदलूनही उभं राहतं, एवढं त्या ओसरीवर नक्की कळलं. जिथे काहीतरी घडत होतं तिथे मुलं पुढे सरकायची. जिथे आजोबा समजावून सांगायला लागायचे, तिथे मुलं रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडे बघायची. हे मी एकदा नाही, प्रत्येक शनिवारी पाहिलं.

यावर तुम्ही म्हणाल, मुलांना काय, ती कशालाही हसतात. बरोबर आहे. मुलांना आवडलं म्हणजे पुस्तक श्रेष्ठ, असं मी म्हणणार नाही. मुलांना नुसती साखरही आवडते. परीक्षकाने आपली समज गहाण टाकायची नसते. पण मुलांना पुस्तक पोचलंच नाही, तर ते मुलांचं पुस्तक आहे हे म्हणायचं कशाच्या आधारावर?

आता मुख्य गोष्टीकडे येते.

त्या खोक्यांत जंगलावरचं एक पुस्तक होतं. छपाई सुंदर, हेतू चांगला, माहिती अचूक. शहरातली तीन मुलं आणि त्यांचा कुत्रा जंगलात जातात, वाट चुकतात. तिथे त्यांना एक आदिवासी मुलगा भेटतो. तो त्यांना पाणी दाखवतो, ठसे ओळखायला शिकवतो आणि सुखरूप बाहेर आणून सोडतो. शेवटी शहरातली मुलं ठरवतात की आपण जंगल वाचवायचं. माझ्या तक्त्यात हे पुस्तक वरच्या तिनात होतं.

ते मी ओसरीवर वाचलं. त्या दिवशी मुलांमध्ये एक मुलगी होती, जवळच्या हाडीवरची. इकडे आदिवासी वस्तीला हाडी म्हणतात. या भागात जेनु कुरुब आणि काडु कुरुब लोकांच्या हाड्या आहेत. जेनु म्हणजे मध, काडु म्हणजे रान. त्यांतली कितीतरी कुटुंबं पूर्वी आत जंगलात राहत होती. अभयारण्यं झाली, 1974 साली कबिनीचं धरण पूर्ण झालं, माणसं बाहेर येऊन वसली. त्यांच्या मुलांची घरची बोली वेगळी, शाळा कन्नड.

गोष्ट ऐकताना ती मुलगी रंगली होती. ठशांच्या पानावर तर तिने चित्रातला ठसा कुणाचा हे माझ्याआधी सांगितलं. मग तिने विचारलं, "त्या मुलाचं नाव काय?"

मी पानं उलटली. पुढची पाहिली, मागची पाहिली. नाव नव्हतं. लेखकाने पहिल्या भेटीपासून निरोपापर्यंत त्याला 'आदिवासी मुलगा' असंच म्हटलं होतं. मी म्हटलं, "नाव दिलेलं नाही." ती म्हणाली, "कुत्र्याला आहे ना?"

कुत्र्याला होतं.

ती रागावली नव्हती हो. तिने फक्त विचारलं. पण त्यानंतर मी सगळी पुस्तकं पुन्हा काढली आणि एकच गोष्ट बघत गेले. या पुस्तकात मूल कोण आहे? कुणाला नाव आहे? कुणाला भूक लागते, कोण खोटं बोलतं, कोण हट्ट करतो, कोण विनोद करतो? आणि कोण नुसता वाट दाखवायला, भाकरी द्यायला किंवा दया करून घ्यायला आलेला आहे?

हे एकदा बघायला लागलं की खूप काही दिसतं. कामवाल्या मावशींची मुलगी हुशार असते, पण तिची हुशारी कळते ती घरमालकिणीच्या मुलीने पुस्तक दिल्यावर. अपंग मुलगा असतो तो इतरांना धडा शिकवण्यापुरता. आणि आपल्या सगळ्यांच्या बाबतीत सांगायचं तर, मराठी बालसाहित्यातलं मूल एक तर पुण्या-मुंबईत राहतं, नाही तर त्याच्या आजोबांच्या गावी. इंदूरच्या शाळेत हिंदीतून भांडणारं आणि घरी मराठीतून रडणारं मूल मला त्या दोन्ही खोक्यांत भेटलं नाही. बेळगावात दोन भाषांतल्या पाट्या वाचत शाळेत जाणारं मूलही नाही. मैत्रिणीच्या धाकटीने मला फोनवर विचारलं होतं, "मावशी, ही मुलं सगळी एकाच गावची आहेत का?" तिचा प्रश्न आणि हाडीवरच्या मुलीचा प्रश्न, तसा एकच आहे.

याउलट फास्टर फेणे आठवा. भा. रा. भागवतांनी त्याला नुसतं नाव दिलं नाही. बनेश हे नाव, फास्टर हे टोपणनाव आणि फुरसुंगी हे गाव दिलं. फुरसुंगी न पाहिलेल्या किती पिढ्यांना ते गाव एका काटकुळ्या मुलामुळे माहीत आहे! नाव असणं म्हणजे असं असतं.

मग आमची बैठक झाली. मी हा मुद्दा मांडला. तुम्हाला वाटेल, दोघांनी लगेच माना डोलावल्या असतील. तसं झालं नाही, आणि त्यांचं म्हणणं हलकं नव्हतं.

एक परीक्षक म्हणाले, "ताई, या विषयावर मुळात लिहिणारे चार जण. त्यांनी धडपड करून लिहिलं आणि आपण नावावरून बाद केलं, तर उद्या ते चार जणही मांजरावरच लिहितील." दुसऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, "माझ्या भागातल्या मुलांना हे पुस्तक मी वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी चिखलातले ठसे शोधून आणले. पुस्तकाने आणखी काय करायचं असतं?"

मी म्हटलं, ठसे शोधणारी मुलं मला मान्य आहेत. पण ज्या मुलाने ते ठसे शिकवले, त्याच्यासारखं मूल हे पुस्तक वाचेल तेव्हा त्याला त्यात आपण कुठे दिसणार? गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलाच्या शाळेतही हेच पुस्तक जाणार आहे. पुरस्काराचा शिक्का घेऊन जाणार आहे.

तास-दीड तास आम्ही बोललो. शेवटी काय झालं सांगते. ते पुस्तक निवडलं गेलं नाही. माझ्या यादीत पहिलं असलेलं पुस्तकही निवडलं गेलं नाही. तिघांच्याही यादीत दुसरं असलेलं एक पुस्तक निवडलं गेलं. चांगलं पुस्तक होतं. पण तिघांपैकी कुणीही त्याच्यासाठी भांडलं नव्हतं.

घरी परत येताना बसमध्ये मी हिशोब मांडत होते. समजा एका वेगळ्या पुस्तकाला तीन परीक्षक नऊ, पाच आणि चार गुण देतात. बेरीज अठरा. दुसऱ्या सरळसोट पुस्तकाला तिघं सात-सात देतात. बेरीज एकवीस. बेरीज नेहमी अशा पुस्तकाला जिंकून देते, ज्याने कुणाचंच काही बिघडवलेलं नाही. आणि मुलांच्या पुस्तकांत पुढे टिकलेली पुस्तकं बहुधा कुणाचं तरी काहीतरी बिघडवणारी असतात.

1935 सालचं उदाहरण घ्या. त्या एका वर्षात दोन पुस्तकं आली. मराठीत 'श्यामची आई', आणि इंग्रजीत आमच्या म्हैसूरच्या आर. के. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स'. एक संस्कारांनी ओतप्रोत भरलेलं, दुसऱ्यात संस्काराचं नाव नाही. स्वामी शाळेच्या खिडकीच्या काचा फोडतो, घरातून पळून जातो आणि ज्या क्रिकेटच्या सामन्यासाठी जीव टाकत असतो तोच त्याचा चुकतो. आमच्या तक्त्यात साने गुरुजींना मूल्यसंस्काराचे पैकीच्या पैकी मिळाले असते आणि नारायणांना भोपळा. पण दोन्ही पुस्तकं आजही वाचली जातात, आणि कारण एकच आहे. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, मार खातो. तो खरं मूल आहे. स्वामीही खरं मूल आहे. बोध असणं किंवा नसणं हा मुद्दाच नव्हे. पुस्तकात जिवंत मूल आहे की नाही, हा मुद्दा आहे. हेच नारायण पुढे राज्यसभेत गेले आणि 1989 साली भाषणाला उभे राहिले ते मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर बोलायला. मुलाला मूल म्हणून बघणारा माणूस संसदेतही मूलच बघतो.

मग पुरस्कार बंदच करावेत का? अजिबात नाही. पद्धत बदलता येते, आणि इतरांनी बदललेली आहे. ब्रिटनमध्ये कार्नेगी पदक 1936 पासून दिलं जातं. तिथे परीक्षक असतात मुलांसोबत रोज काम करणारे ग्रंथपाल. आणि त्याच वेळी देशभरच्या शाळांतले मुलांचे गट तीच यादी वाचून आपापली निवड करतात. जर्मनीच्या युवा साहित्य पुरस्कारात 2003 पासून तज्ज्ञांच्या समितीच्या जोडीला तरुण वाचकांची वेगळी समिती आहे. ती आपला वेगळा पुरस्कार देते. मोठ्यांनी मुलांना शरण जायचं नाही, मुलांनी मोठ्यांना नाही. दोन्ही निर्णय शेजारी ठेवायचे. आपल्याकडेही टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमाने 'बिग लिटल बुक' पुरस्कार सुरू केला, त्यात चित्रकारासाठी स्वतंत्र पुरस्कार ठेवला. 2016 साली लेखनाचा पहिला पुरस्कार मराठीला मिळाला, माधुरी पुरंदऱ्यांना, ज्या स्वतः चित्रकारही आहेत.

आम्ही तिघांनी बैठकीच्या शेवटी दोन शिफारशी एकमताने लिहून दिल्या. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर नसलेलं पुस्तक स्पर्धेत घेऊ नये, आणि गुणांची बेरीज अंतिम धरू नये. प्रत्येक परीक्षकाने एका पुस्तकाच्या बाजूने उभं राहून बोलावं, मग निर्णय व्हावा. नियम अजून तेच आहेत. पण शिफारस कागदावर आहे, आणि पुढच्या कुठल्या तरी समितीला ती सापडेल.

आता तुमच्यापैकी जे लिहितात त्यांना एक सांगते. गोष्ट पूर्ण झाली की तीतल्या प्रत्येक मुलाला विचारा, तुझं नाव काय, तुला काय हवंय? जो नुसता मदतीला आला आहे त्याला आधी विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही, तर गोष्ट अजून पूर्ण झालेली नाही.

जे पुस्तकं विकत घेतात, शाळेला देतात, भाचरांना भेट देतात, त्यांनी पुरस्काराचा शिक्का जरूर पाहावा, पण दुकानात उभं राहून मधलं एखादं पान मोठ्याने वाचावं. दोन मिनिटं पुरतात. दुकानदार बघेल तर बघू दे.

आणि जे मराठी घरं महाराष्ट्राबाहेर चालवत आहेत, त्यांना माझी खास विनंती. तुमच्या मुलांच्या गोष्टी अजून लिहिल्या गेलेल्या नाहीत. इंदूरच्या सराफ्यातल्या, बडोद्याच्या वाड्यातल्या, बेळगावच्या दोन पाट्यांमधल्या, हैदराबादच्या तीन भाषांतल्या. त्या पुण्याहून कुणी लिहील याची वाट बघू नका. तुम्ही लिहा. वहीत लिहा, घरच्या मुलांना वाचून दाखवा, ती बसकडे बघायला लागली की तो परिच्छेद काढून टाका. मग प्रकाशकाकडे पाठवा.

त्या जंगलाच्या पुस्तकाच्या लेखकाला मी पत्र लिहिलं. परीक्षक म्हणून नव्हे, निकाल लागून वर्ष उलटल्यावर, एक वाचक म्हणून. पुस्तक आवडलं ते लिहिलं, ठसे ओळखणाऱ्या मुलीबद्दल लिहिलं आणि तिचा प्रश्नही लिहिला. उत्तर आलं, चार ओळींचं. दुसऱ्या आवृत्तीत त्या मुलाला नाव असेल, असं त्यांनी कळवलं आहे. कोणतं नाव ठेवावं, ते त्या मुलीलाच विचारून सांगा, असंही लिहिलं आहे. तिने अजून ठरवलेलं नाही. घाई नको, म्हणते.